हालश्टाटला जाताय? तळ्यापलीकडच्या डोंगराच्या पोटातही जाऊन या

रानवारा | १४ जुलै

आई-बाबा यंदा पहिल्यांदाच साताऱ्याहून आमच्याकडे म्युनिकला आले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं चार दिवस ऑस्ट्रियातल्या जाल्झकामरगुटला जाऊन आलो. हा तळ्यांचा मुलूख. दोन डोंगर जिथे जवळ येतात तिथे मध्ये एक तळं हमखास. त्यातलं हालश्टाट तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असणार: पाण्याला टेकलेली लाकडी घरं, चर्चचा निमुळता कळस, पाठीशी उभा कडा. गाव खरंच तितकंच देखणं आहे. बहुतेक लोक तिथे दोन तास फिरतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तळ्याच्या दक्षिणेला जो आडदांड डोंगर दिसतो, तो आतून पोखरलेला आहे आणि त्याच्या आत जाता येतं, हे मला तरी जायच्या आधी माहीत नव्हतं. म्हणून हा धागा.

डोंगराचं नाव डाखश्टाइन. पायथ्याचं गाव ओबरट्राउन. रेल्वे स्टेशनच्या पाटीवरच ‘ओबरट्राउन-डाखश्टाइन गुहा’ असं लिहिलेलं आहे. आम्ही मुक्काम ओबरट्राउनलाच केला आणि हा निर्णय अगदी बरोबर ठरला. गर्दी नाही, राहायला हालश्टाटपेक्षा स्वस्त, आणि सकाळी पहिल्या रोपवेला हजर राहता येतं.

रोपवेच्या पहिल्या टप्प्यावर, साधारण १,३५० मीटरवर, शोनबेर्गआल्म नावाचं ठिकाण आहे. तळं ५०८ मीटरवर आहे, म्हणजे काही मिनिटांत आठशे मीटर वर. तिथून एक वाट बर्फाच्या गुहेकडे जाते, दुसरी मॅमथ गुहेकडे. दोन्हीकडे पंधरा-वीस मिनिटांचा चढ आहे. वाट बांधीव आहे, पण चढ खरा आहे. बाबा आयुष्यभर अजिंक्यताऱ्यावर चढलेले, ते पुढे. आई काठी टेकत, दर वळणावर थांबत.

बाहेर ऊन होतं, आम्ही घामाघूम. गाईडने गुहेचं दार उघडलं आणि आतून वारा आला. फ्रीज उघडल्यावर येते तशी झुळूक नव्हे ती, अंगावर धावून येणारा वारा. आईने तिथेच शाल डोक्यावरून घेतली.

सुरुवातीचा भाग कोरडा, खडकाचा. इथे अस्वलांची हाडं सापडली आहेत, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या गुहा-अस्वलांची. मग जिना उतरत गेलो आणि बर्फ सुरू झाला. कल्पना करा, एखाद्या मोठ्या देवळाच्या सभामंडपाएवढी जागा, पूर्ण काळोख, आणि त्यात निळसर बर्फाचा डोंगर उभा. काही ठिकाणी बर्फाची जाडी २५ मीटरपर्यंत आहे. या दालनांना ट्रिस्टन, पार्सिफाल, राजा आर्थर अशी जुन्या युरोपीय दंतकथांमधली नावं दिली आहेत. ही गुहा १९१० मध्ये धुंडाळली गेली. हेरमान बॉक, गेओर्ग लाहनर, अलेक्झांडर फॉन म्योर्क अशी ती मंडळी. दोरीच्या शिड्या आणि हातातले दिवे एवढ्यावर ती त्या काळोखात उतरली. आपण रेलिंग धरून, लाकडी पायऱ्यांवरून, दिव्यांच्या उजेडात जातो, तरी पोटात गोळा येतो.

एका ठिकाणी छतातून थेंब पडत होते. टप... टप... आणि बर्फाच्या कडेने पाण्याची एक बारीक रेघ काळोखात उतरत होती. बाबांनी मला विचारलं, “हे पाणी जातं कुठे?” मी गाईडला विचारलं. ती म्हणाली, खाली, तळ्याकडे. पुढे तिला दुसऱ्या कोणी हाक मारली आणि आम्ही चालू लागलो. बाबांचं समाधान झालं नाही. परत येईपर्यंत त्यांनी हा प्रश्न तीनदा काढला. इथे कोणाला माहीत असेल तर नक्की लिहा, मी त्यांना वाचून दाखवीन.

दुपारी मॅमथ गुहा. नाव ऐकून मॅमथ हत्तीचे अवशेष असतील असं वाटतं, तसं काही नाही. ती प्रचंड आहे म्हणून ते नाव. आजवर जवळपास ७० किलोमीटर लांबीच्या वाटा मोजून झाल्या आहेत, पाहुण्यांना दाखवतात तो त्यातला एखादा किलोमीटर. इथे बर्फ नाही, चमकणारे स्तंभ नाहीत. बोगदे आहेत, एवढे गोल आणि गुळगुळीत की माणसाने खोदलेत असं वाटावं. कधीकाळी त्यातून नदी दाबाने वाहत होती. आईला ही गुहा कंटाळवाणी वाटली. मला मात्र पाण्याची ताकद इथेच कळली. एकच गुहा बघायची असेल तर बर्फाची बघा. दिवस हातात असेल तर दोन्ही.

दुसऱ्या दिवशी खाली दरीत, ट्राउन नदीच्या घळीतल्या कोप्पेनब्र्युलर गुहेत गेलो. नावातच ‘डरकाळी फोडणारी’ असा अर्थ आहे. वरचा बर्फ वितळतो तेव्हा या गुहेतून पाणी गर्जत बाहेर पडतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी बेताचं होतं, तरी आतला आवाज छातीत जाणवत होता. पूर आला की ही गुहा बंद ठेवतात.

कपड्यांबद्दल एवढंच सांगते: बाहेर कितीही ऊन असलं तरी बर्फाच्या गुहेत तापमान शून्याच्या आसपास असतं. स्वेटर, कानटोपी, हातमोजे, आणि बोटं झाकणारे, तळ न घसरणारे बूट. चप्पल घालून आलेला एक मुलगा आमच्या गटात होता, त्याचे हाल बघवले नाहीत.

झुळूक | १४ जुलै

काय सुरेख लिहिलंयस रानवारा! आणि वाचताना चुटपुटही लागली. चार वर्षांपूर्वी आम्ही एका टूरबरोबर गेलो होतो. हालश्टाटला दीड तास दिला होता, त्यातला अर्धा तास स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. समोरच्या डोंगरात एवढं काही आहे हे कोणी सांगितलंसुद्धा नाही.

पुढच्या मे-जूनमध्ये मी सासूबाईंना घेऊन परत जायचं ठरवतेय. त्या ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. तुझ्या आईंना आतल्या पायऱ्या कितपत झेपल्या? खरं सांग.

रानवारा | १५ जुलै

झुळूक, खरं सांगते. बर्फाच्या गुहेत पायऱ्या पुष्कळ आहेत, शेकड्यांनी, आणि त्या चढ-उताराच्या आहेत. गट चालत राहतो, मधेच बसायला मिळत नाही. आई ६६ची आहे, तिला जमलं, पण रात्री गुडघे शेकावे लागले. आम्ही गाईडला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, तिने आईला स्वतःच्या मागे, सगळ्यांत पुढे चालायला लावलं. त्याने फार फरक पडतो. पुढच्या माणसाच्या वेगाने गट चालतो, मागे राहिलं की धावपळ होते.

सासूबाईंना चढ नकोच असेल तर कोप्पेनब्र्युलर त्यातल्या त्यात सोपी. आणि गुहा नाही जमली तरी रोपवेने थेट वर क्रिप्पेनश्टाइनला जाता येतं, २,१०० मीटरवर. तिथे ‘पाच बोटं’ नावाचा सज्जा आहे, कड्याच्या बाहेर पाच बोटांसारख्या पाच पट्ट्या काढलेल्या, खाली सुमारे ४०० मीटर दरी. तिथून अख्खं तळं पायाशी दिसतं.

कातळवेडा | १५ जुलै

रानवाराताई, तुमच्या वडिलांचा प्रश्न मला फार आवडला. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. त्यांना हे वाचून दाखवा.

आपल्याकडे ‘लेणी’ आणि ‘गुहा’ हे दोन शब्द आपण कधीकधी सरमिसळ करून वापरतो. लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हारसाचा. तो पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडे नैसर्गिक म्हणून दिसतात त्या बहुधा कपारी आणि घळी: मऊ थर झिजला, वरचा टणक थर छपरासारखा राहिला. शिवथरघळ आठवा. त्या खोलवर मैलोन्‌मैल जात नाहीत.

डाखश्टाइन हा चुनखडीचा डोंगर. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. शिंपले आणि सागरी जीवांचे सांगाडे, चुन्याचा गाळ हे सगळं साचत गेलं आणि त्याचा हजारभर मीटर जाडीचा खडक झाला. पुढे आल्प्स उचलले गेले आणि समुद्राचा तळ ढगात गेला. वरच्या पठारावर खडकात हृदयाच्या आकाराच्या खुणा दिसतात, गाईच्या खुरांच्या ठशांसारख्या. तिथले लोक त्यांना ‘गाईची पावलं’च म्हणत आले. त्या खरं तर मेगालोडॉन नावाच्या जाड शिंपल्यांच्या कापलेल्या कडा आहेत. तुम्ही वर क्रिप्पेनश्टाइनला गेला असाल तर कदाचित त्यांच्यावरून चालला असाल.

आता पाणी. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं. चुनखडीच्या फटीत ते शिरतं आणि खडक विरघळवत जातं. फट रुंदावते, तिची नळी होते, नळीचा बोगदा होतो. म्हणून डाखश्टाइनच्या पठारावर तुम्हाला ओढे-नाले फारसे दिसणार नाहीत. पडेल ते पाणी डोंगर पिऊन टाकतो.

ते जातं कुठे हा प्रश्न तिथल्या संशोधकांनाही पडला होता. १९५०च्या दशकात त्यांनी एक सुंदर युक्ती केली. लायकोपोडियम नावाच्या नेच्यासारख्या वनस्पतीचे बीजाणू घेतले, पिठासारखे बारीक. ते वेगवेगळ्या रंगांत रंगवले आणि पठारावरच्या वेगवेगळ्या विवरांत सोडले, एका विवरात एक रंग. मग पायथ्याच्या झऱ्यांना बारीक जाळ्या लावून बसले. सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या झऱ्यात कोणता रंग आला ते पाहायचं, म्हणजे डोंगराच्या आतली वाट न दिसता कळते. त्यातून दिसलं की एकाच विवरातलं पाणी वेगवेगळ्या दिशांच्या अनेक झऱ्यांना फुटतं. आत एक नदी नाही, वाटांचं जाळं आहे.

त्यातले दोन झरे हालश्टाट तळ्याच्या दक्षिण काठावरच आहेत, हिर्शब्रुन आणि केस्सेल. हालश्टाटच्या लान भागातून ओबरट्राउनकडे जी सायकलची वाट जाते, तिच्या जवळच. हिर्शब्रुन कोरड्या दिवसांत नुसता दगडांचा ढीग असतो. बर्फ वितळायला लागला किंवा मोठा पाऊस झाला की दगडांतून पाणी उसळतं. तुमच्या वडिलांना म्हणावं, गुहेतला तो थेंब अशाच वाटांनी तळ्यापर्यंत पोचतो.

रानवारा | १५ जुलै

कातळवेडा सर, काय सांगू! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, आणि रंगीत बीजाणूंचा भाग तिसऱ्यांदा. आम्ही त्याच सायकलच्या वाटेने ओबरट्राउनहून हालश्टाटला चालत गेलो होतो. दगडांचा एक कोरडा पाट ओलांडल्याचं आठवतंय. तोच असावा.

बाबांचा पुढचा प्रश्न: बर्फ मुळात का होतो? १,४०० मीटर म्हणजे फार उंच नाही, बाहेर गवत आणि फुलं होती.

कातळवेडा | १६ जुलै

याचं उत्तर गावाकडच्या धुराड्यात आहे. या गुहेला वेगवेगळ्या उंचीवर तोंडं आहेत. हिवाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार, म्हणून हलकी. ती वरच्या तोंडाने निघून जाते आणि खालच्या तोंडाने बाहेरची गोठवणारी हवा आत ओढली जाते. सगळा हिवाळा खडक थंडी साठवतो. वसंतात वरचा बर्फ वितळून पाणी फटींतून आत ठिबकतं आणि त्या गारठलेल्या खडकाला लागून गोठतं. म्हणजे नवा बर्फ भर हिवाळ्यात तयार होत नाही, तो वसंतात तयार होतो. उन्हाळ्यात वारा उलटा फिरतो: आतली थंड, जड हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते. तुमच्या आईंनी शाल डोक्यावरून घेतली ती त्याच वाऱ्यामुळे.

पूर्वरंग | १६ जुलै

सुंदर चर्चा. मी व्हिएन्नात राहतो. रानवारा, पुढच्या वेळी वेर्फेनच्या आइसरीझेनवेल्टला जा. ‘बर्फ-राक्षसांचं जग’ असा अर्थ. ते तळ्यांच्या भागात नाही, जाल्झबुर्गच्या दक्षिणेला जाल्झाख नदीच्या खोऱ्यात आहे, पण जाल्झबुर्गहून एका दिवसात होतं. ४२ किलोमीटर लांब, जगातली सर्वांत मोठी बर्फगुहा म्हणून ओळखली जाते. बर्फ पहिल्या किलोमीटरभरातच आहे, पुढे नुसता खडक.

तिथे आत विजेचे दिवे नाहीत. दर काही माणसांमागे एकाच्या हातात कार्बाइडचा दिवा देतात आणि मोठी दालनं दाखवायला गाईड मॅग्नेशियमची पट्टी पेटवतो. पांढरा शुभ्र उजेड होतो, बर्फ आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि पट्टी विझली की पुन्हा काळोख. फोटो काढायला मनाई आहे. मला ते फार बरं वाटलं. तासभर सगळे फक्त बघत असतात.

आत ७०० पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या, शिवाय रोपवेच्या आधी आणि नंतर चालणं आहेच. तेव्हा झुळूकताई, सासूबाईंसाठी ही गुहा नको.

आन्टोन पोस्सेल्ट नावाच्या माणसाने १८७९ मध्ये ही गुहा पहिल्यांदा धुंडाळली, पण थोडंसंच आत जाऊन तो परतला. पुढे म्योर्कने ती पुन्हा शोधून खोलवर मोहिमा काढल्या. हाच तो रानवाराने वर उल्लेख केलेला म्योर्क. तो चित्रकार होता. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये ऐन तारुण्यात मारला गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींचा कलश या गुहेतच, त्याच्या नावाच्या दालनात ठेवला आहे. गाईड तिथे दिवा वर धरून थांबतो. मी तीनदा गेलोय, तिन्ही वेळा तिथे कोणी बोललं नाही.

मृदा | १७ जुलै

माहिती उत्तम आहे, पण मला एक खटकतं. आल्प्समधल्या गुहांमधला बर्फ कमी होतोय हे आता सर्वश्रुत आहे. अशा वेळी दर उन्हाळ्यात हजारो माणसांनी आत जायचं, आपली ऊब आणि श्वास तिथे सोडायचे, हे बरोबर आहे का? गुहांमध्ये दिव्यांभोवती हिरवं शेवाळ धरतं तेही मी पाहिलंय. जिथे कधी उजेड नव्हता तिथे आपण तो नेला आणि त्याच्यामागून शेवाळ आलं.

पूर्वरंग | १७ जुलै

मृदा, प्रश्न योग्य आहे. मीही यावर पुष्कळ विचार केलाय. बर्फावर मुख्य परिणाम बाहेरच्या हवामानाचा होतो: हिवाळा पुरेसा थंड नसला तर खडक थंडी साठवत नाही, आणि भर उन्हाळ्यात मोठे पाऊस झाले तर कोमट पाणी आत शिरतं. माणसांची ऊब त्यापुढे छोटी आहे, पण शून्य नाही, म्हणूनच गटांनी आणि ठरलेल्या वाटेनेच नेतात. दारं बंद ठेवतात ती चोरांसाठी नव्हे, वारा आवरण्यासाठी.

मृदा | १७ जुलै

पटलं, पण अर्धंच. मी जाईन तेव्हा एकदाच जाईन आणि एकच गुहा बघेन. तिन्ही-चारही बघितल्याच पाहिजेत असं कोणाला वाटू नये म्हणून लिहिलं.

रानवारा | १७ जुलै

मृदा, तुझं म्हणणं मी वर ‘दिवस हातात असेल तर दोन्ही’ लिहिलंय त्याला लागू पडतं. तेव्हा मी फक्त आमच्या वेळेचा विचार केला होता.

नदीकाठ | १९ जुलै

झुळूक, स्वित्झर्लंडही बेतात असेल तर थुन तळ्याकाठच्या बेआटुस गुहा सासूबाईंसाठी बघ. इंटरलाकेनहून थुनला जाणारी बस गुहेच्या पायथ्याशी थांबते. आपले बहुतेक लोक इंटरलाकेनला मुक्काम करतातच आणि युंगफ्राउ करून निघतात, ही मात्र राहून जाते. बसपासून दारापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा खडा चढ आहे, तेवढाच त्रास. तोही धबधब्याच्या कडेने, त्यामुळे थांबत थांबत जायला निमित्त मिळतं. आत साधारण किलोमीटरभर नीट बांधलेली वाट आहे. बर्फ नाही, तापमान आठ-दहा अंश. इथे छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले चुन्याचे स्तंभ आहेत, जे डाखश्टाइनला फारसे बघायला मिळत नाहीत. गुहेतला ओढा शेजारून वाहत असतो आणि तोच बाहेर पडून धबधब्याने तळ्याकडे जातो.

आख्यायिका अशी की संत बेआटुसने इथे राहणाऱ्या ड्रॅगनला हाकलून दिलं आणि मग स्वतः गुहेत राहिला. मध्ययुगात ही मोठी यात्रेची जागा होती. १५२८ मध्ये इथल्या बर्न राज्याने प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा स्वीकारली, त्यानंतर यात्रा थांबावी म्हणून गुहेचं तोंड भिंत बांधून चिणलं. तरी लोक येत राहिले म्हणतात. पर्यटकांसाठी ती १९०४ मध्ये खुली झाली.

ओढ्याचा आवाज ऐकला की मला ड्रॅगनची गोष्ट खरी वाटते. वादळात आतून असा घोष येत असेल तर आत काहीतरी राहतंय असंच कोणालाही वाटेल.

झुळूक | १९ जुलै

नदीकाठ, हे फारच कामाचं. सासूबाईंना ड्रॅगनची गोष्ट सांगितली, त्या म्हणाल्या, “मग तिथेच जाऊ.”

एक बाळबोध प्रश्न. नकाशावर लुगानो तळ्याभोवती ‘ग्रोट्टो’ अशा खूप पाट्या दिसतात. त्या पण गुहाच का?

तांबडफुटी | २० जुलै

झुळूक, हा प्रश्न बाळबोध नाही, मीही फसले होते. झुरिकला राहायला आले त्या वर्षी ‘ग्रोट्टो’ बघायला म्हणून टॉर्च आणि जाड बूट घेऊन तिचिनोला गेले आणि चेस्टनटच्या झाडाखाली दगडी टेबलापाशी पोचले.

इटालियनमध्ये ग्रोट्टा म्हणजे गुहा. पण स्वित्झर्लंडच्या या इटालियनभाषक भागात ग्रोट्टो म्हणजे खाणावळ. आणि तरीही तिचा गुहेशी खरा संबंध आहे. कड्यावरून कोसळलेल्या दगडांच्या राशींमध्ये पोकळ्या असतात, त्यातून उन्हाळ्यातही थंड हवा वाहते. कातळवेडा सरांनी सांगितलेलाच प्रकार, छोट्या प्रमाणात. फ्रीज नव्हते तेव्हा लोकांनी त्या फटींच्या तोंडाशी दगडी खोल्या बांधल्या आणि त्यात वाइन, चीज, खारवलेलं मांस ठेवलं. रविवारी तिथेच बसून खायची पद्धत पडली, पुढे त्यांच्या खाणावळी झाल्या. माज्जा खोऱ्यातल्या चेव्हियोला अशा जुन्या खोल्यांची अख्खी रांग आहे.

शाकाहारी लोकांनी पोलेंटा मागवावा. मक्याच्या जाडसर पिठाचा, तांब्याच्या हंड्यात तासभर घोटलेला. आपल्या मक्याच्या उकडीच्या जवळचा वाटतो. वर चीज. मिनेस्त्रोने सूप घेताना त्यात मांसाचा रस्सा नाही ना ते विचारून घ्या. मद्य नको असेल तर गाझोझा, लिंबू सोडा. लुगानोहून बोटीने तळ्यापलीकडे गांद्रियाच्या ‘कान्तीने’ला जाता येतं. तिथे काठावर जुन्या चोरट्या व्यापाराचं सीमाशुल्क संग्रहालय आहे. तेही बोटीनेच गाठायचं.

मालकिणीने मला आतली खोली दाखवली. भिंतीतल्या फटीपुढे हात धरायला सांगितला. जुलैचं कडक ऊन आणि बोटांवर गार वारा.

पूर्वरंग | २१ जुलै

एक कळकळीची सूचना. गुहेनंतर वर पठारावर फिरायला जाणार असाल तर हवामान बघितल्याशिवाय जाऊ नका. १९५४च्या ईस्टरच्या आठवड्यात जर्मनीतल्या हाइलब्रोनची दहा शाळकरी मुलं आणि तीन शिक्षक याच क्रिप्पेनश्टाइनच्या पठारावर बर्फाच्या वादळात वाट चुकून मरण पावले. तिथे त्यांच्या स्मरणार्थ क्रूस आहे, फिरायची एक वाट त्याच्याजवळून जाते. धुकं उतरलं की त्या पठारावर दिशा अजिबात कळत नाही, सगळीकडे सारखाच पांढरा खडक आणि विवरं. गुहेत गाईड असतो, वर कोणी नसतो. आकाश साफ असलं तरी ढग दिसू लागले की रोपवेकडे वळा.

कातळवेडा | २१ जुलै

शंभर टक्के सहमत. सह्याद्रीत वाट चुकली तर पाण्याच्या वाटेने खाली उतरत जावं असं आपल्याकडे काही जण सांगतात. आधीच तो धोक्याचा सल्ला आहे. चुनखडीच्या पठारावर तर पाणी खाली जातच नाही, आत जातं.

रानवारा | ११ मे

धागा दहा महिन्यांनी वर काढतेय, कारण आहे.

गेल्या आठवड्यात नवऱ्याला हालश्टाटजवळ काम होतं, मीही गेले. दोन दिवस पाऊस झाला होता आणि वर बर्फ वितळत होता. सकाळी लानहून सायकलच्या वाटेने निघाले. तो दगडांचा पाट यायच्या बराच आधी आवाज आला. जवळ गेले तर पाट भरून वाहत होता. वरून येणारा ओढा नाही, धबधबा नाही. जंगलाच्या कडेला दगडांच्या ढिगातूनच पाणी उसळत होतं, हिरवट पांढरं, आणि पन्नास-साठ पावलांवर तळ्यात मिसळत होतं. हात घातला, मिनिटभरही ठेववला नाही.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल केला. साताऱ्यात दुपारचं जेवण चाललं होतं. फोन पाण्याजवळ धरला. ते ताटावरून उठले, हात धुतला, चष्मा लावला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “त्या शिक्षकांना कळव, पोचलं म्हणावं.”

कातळवेडा सर, कळवतेय.

झुळूक | १२ मे

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमची तिकिटं झाली आहेत, ९ जूनला निघतोय. आधी बेआटुस, मग ओबरट्राउनला तीन रात्री. सासूबाईंसाठी लोकरीची कानटोपी विणून तयार आहे. हिर्शब्रुन तेव्हा वाहत असेल का सर?

कातळवेडा | १२ मे

रानवाराताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा.

झुळूकताई, जूनच्या मध्यापर्यंत वर बर्फ शिल्लक असतो, त्यामुळे शक्यता चांगली आहे. आदल्या रात्री पाऊस झाला तर सकाळी लवकर जा. कोरडा मिळाला तर दगडांपाशी थोडं थांबा, पाणी दिसत नसलं तरी कधीकधी खालून आवाज येतो.